खोक्यावरचे आकडे आणि आपल्या घरातला टीव्ही

गणपतीच्या आधीचा पंधरवडा म्हणजे रत्नागिरीत टीव्ही खरेदीचा हंगाम. चाकरमानी यायचे असतात, घर भरणार असतं, आणि जुना टीव्ही आता काढूया असा विषय निघतोच. बजेट आधीच ठरलेलं असतं: बारा हजार, पंधरा, फार ताणलं तर पंचवीस. मारुती मंदिरला किंवा रामआळीत दुकानात शिरावं तर भिंतभर टीव्हींवर एकच झगझगीत चित्रफीत चालू असते आणि सगळेच छान दिसतात. मग निवड होते ती ऐकीव माहितीवर आणि खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांवर. लाखभर रुपये घालणाऱ्याचा अंदाज चुकला तरी त्याच्या घरी बरा टीव्ही येतो. पंधरा हजारवाल्याला मात्र पुढची कित्येक वर्षं त्याच पडद्यासमोर बसायचं असतं. म्हणून ही ऐकीव माहिती एकदा तपासून घेऊ, तीही आपल्याकडची घरं, आपल्याकडचा पाऊस आणि आपल्याकडची वीज डोळ्यांसमोर ठेवून.

"फोर-के आहे, म्हणजे चित्र स्वच्छ दिसणारच"

सगळ्यात जास्त पैसे या समजुतीपायी जातात. फोर-के पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके असतात, एकूण सुमारे ८३ लाख. फुल एचडीवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २१ लाखांच्या आसपास. एचडी रेडीवर १३६६ गुणिले ७६८, साधारण साडेदहा लाख. आकडे खरेच आहेत, पण टीव्हीकडे जे चित्र येतं त्यापेक्षा जास्त तपशील तो आणणार कुठून? आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत चित्र येतं ते डीडी फ्री डिशच्या छत्रीतून. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली ही प्रसार भारतीची सेवा, महिन्याचं भाडं नाही, सह्याद्री वाहिनी आहे, सिनेमे आहेत, बातम्या आहेत. तिच्यावरच्या बहुतेक वाहिन्या मात्र साध्या दर्जाच्या, म्हणजे जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांच्या. फोर-के पडद्यावरचे ठिपके याच्या बरोबर वीसपट भरतात. म्हणजे दर वीस ठिपक्यांतला एक खरा आणि एकोणीस टीव्हीने अंदाजाने भरलेले. वाटीभर ताकात घागरभर पाणी ओतावं तसा हा प्रकार. चांगल्या टीव्हीतली चिप हे काम निभावून नेते. स्वस्त फोर-केमध्ये चेहरे गुळगुळीत होतात, बातम्यांच्या पट्टीतली अक्षरं फुटतात आणि क्रिकेटच्या मैदानावरचं गवत नुसता हिरवा पट्टा होऊन जातं. दुकानात हे कळत नाही, कारण तिथे पेन ड्राइव्हवरची खरी फोर-के चित्रफीत लावलेली असते.

दुसरा हिशेब अंतराचा. निरोगी डोळ्याला एका मर्यादेपलीकडे दोन ठिपके वेगळे दिसतच नाहीत. ३२ इंची एचडी रेडी टीव्हीपासून सहा फुटांवर बसलात की ठिपके मिटतात. तोच फुल एचडी असेल तर सव्वाचार फुटांवर. ४३ इंची फुल एचडीचे ठिपके साडेपाच-सहा फुटांपलीकडे दिसत नाहीत, आणि ४३ इंची फोर-केचा खरा फायदा पूर्ण घ्यायचा तर तीन फुटांच्या आत बसावं लागेल. आपल्या खोल्यांत टीव्ही एका भिंतीवर आणि बसायची जागा समोरच्या भिंतीला, मध्ये आठ-नऊ फूट. त्या अंतरावरून ३२ इंचाचा चांगला एचडी रेडी आणि फोर-के यांत फरक ओळखून दाखवणं कठीण.

माझं मत असं: बजेट पंधरा हजारांच्या आत आणि बघणं मुख्यतः डिशवर, तर ३२ इंचाचा बऱ्या पॅनेलचा एचडी रेडी किंवा फुल एचडी घ्यावा. त्याच पैशांत ४३ इंची फोर-के मिळतोय असं कोणी सांगितलं, तर काटकसर कुठे केली असेल हे आधी विचारावं. ती बहुधा पडद्याच्या उजेडात, आवाजात आणि आतल्या पॉवर सप्लायमध्ये केलेली असते. पंचवीस हजारांच्या पुढे गेलात तर प्रश्न उरत नाही, कारण त्या किमतीत हल्ली बहुतेक टीव्ही फोर-केच येतात.

"एलईडी जुना झाला, आता क्यूएलईडी घ्यायचा"

एलईडी म्हणून विकला जाणारा टीव्ही मुळात एलसीडीच असतो. पडद्यामागे उजेडासाठी एलईडी दिवे असतात, एवढंच. क्यूएलईडीमध्ये त्या उजेडासमोर क्वांटम डॉट्सचा एक थर येतो, त्यामुळे रंग अधिक शुद्ध दिसतात. पण काळा रंग किती काळा दिसणार हे मागचा उजेड आणि पॅनेल यांवरच ठरतं. स्वतःच्या प्रकाशाने उजळणारे ठिपके ओएलईडीमध्ये असतात आणि तो या बजेटच्या खूप बाहेर आहे. एचडीआरचंही, म्हणजे उजेड-अंधाराचा पल्ला मोठा दाखवणाऱ्या चित्राचंही, तसंच. त्या प्रकारचे सिनेमे साधारण हजार निट उजेड गृहीत धरून तयार करतात, आणि स्वस्त टीव्हीचा उजेड अडीचशे-तीनशे निटच्या आसपास असतो. खोक्यावर लिहिलेलं खोटं नसतं. टीव्ही तो सिग्नल घेतो, पण दाखवू शकत नाही.

त्यापेक्षा पॅनेल कोणत्या जातीचं आहे ते विचारा. व्हीए पॅनेलचा काळा रंग गडद असतो, पण बाजूने पाहिलं की रंग फिके पडतात. आयपीएस पॅनेलवर काळा रंग थोडा राखाडी दिसतो, पण बाजूने पाहिलं तरी चित्र टिकून राहतं. आता आपलं घर आठवा. आजोबा ओटीवरच्या आरामखुर्चीत एका कडेला, मुलं खाली चटईवर, आई स्वयंपाकघराच्या दारातून येता-जाता बघणार. अशा घराला आयपीएस बरा. माजघराच्या अंधाऱ्या खोलीत दोघं-तिघं समोर बसून सिनेमा बघणार असतील तर व्हीए. विक्रेत्याला पॅनेलची जात सांगता आली नाही तरी बिघडत नाही. टीव्हीच्या समोरून चार पावलं बाजूला सरका आणि माणसांच्या चेहऱ्यांचे रंग बघा, उत्तर मिळतं.

दुकानात आणखी एक गोष्ट आवर्जून करा. तिथले टीव्ही दुकानाच्या मोडवर लावलेले असतात, उजेड आणि रंग शेवटच्या टोकाला नेलेले. रिमोट मागून घ्या, चित्राची सेटिंग 'स्टँडर्ड' करा. आपला पेन ड्राइव्ह सोबत न्या, त्यात घरच्या लग्नाचं किंवा नमनाच्या कार्यक्रमाचं मोबाइलवरचं शूटिंग ठेवा. ओळखीच्या माणसांच्या कातडीचा रंग आपल्याला माहीत असतो, त्यामुळे कुठला टीव्ही रंग फुगवतोय हे लगेच कळतं. मग डिशची एखादी साधी वाहिनी लावून बघा. निम्मे टीव्ही इथेच गळतात.

टीव्ही फिरवून मागची बाजूही बघायची. घरी जुना फ्री डिशचा बॉक्स असेल तर त्याला पिवळी, लाल, पांढरी अशी तीन टोकांची वायर असते. नव्या टीव्हींना बऱ्याचदा ती तीन भोकं नसतात. त्याऐवजी हेडफोनएवढं एकच छिद्र असतं आणि मधे लागणारी छोटी जोडवायर खोक्यात येतेच असं नाही. काही टीव्हींमध्ये उपग्रहाचा ट्यूनर आतच बसवलेला असतो. अशा ट्यूनरसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये मानकही काढलं आहे. तो असेल तर छत्रीची वायर थेट टीव्हीला लागते, बॉक्स आणि एक रिमोट कमी होतो. फ्री डिशवाल्या घरांनी हा प्रश्न सर्वात आधी विचारावा.

"नाव मोठं, म्हणजे टीव्ही टिकाऊ"

बजेट टीव्हीवरची कित्येक नावं आता नुसती परवान्याने वापरली जातात. आपल्याकडे कोडॅक, थॉमसन आणि ब्लाउपुंक्ट या तिन्ही नावांचे टीव्ही नोएडाची सुपर प्लास्ट्रॉनिक्स ही एकच कंपनी बनवत आली आहे. तोशिबाचा टीव्हीचा धंदा २०१८ पासून चीनच्या हायसेन्सकडे आहे. "आत कोरियाचं पॅनेल आहे" हे वाक्य अजून ऐकू येतं, पण सॅमसंगच्या पॅनेल कंपनीने एलसीडी पॅनेल बनवणं २०२२ मध्येच थांबवलं, आणि आज जगातली बहुतेक एलसीडी पॅनेलं चीनमध्ये तयार होतात. यात घाबरण्यासारखं काही नाही, ती पॅनेलं चांगली असतात. फक्त नावापोटी तीन-चार हजार जास्त मोजताना त्या पैशांत नेमकं काय मिळतंय हे विचारायचं.

आणि नाव कायम राहतं असंही नाही. व्हिडिओकॉन आपल्या मराठवाड्यातली कंपनी, एके काळी घराघरांत तिचा टीव्ही होता. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

रत्नागिरीकराच्या दृष्टीने नावापेक्षा मोठा प्रश्न आहे दुरुस्तीला माणूस कुठून येणार. रत्नागिरी शहरात राहणाऱ्याचं एक, आणि मंडणगडच्या किंवा राजापूरच्या आतल्या गावात राहणाऱ्याचं दुसरं. विकत घेण्याआधी कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा, आपला पिनकोड सांगा आणि विचारा: या पत्त्यावर घरी येऊन सेवा मिळते का, की टीव्ही उचलून कुठे न्यावा लागेल? कोल्हापूर असं उत्तर आलं तर पावसाळ्यातला आंबा घाट डोळ्यांसमोर आणा. दोन टीव्हींत मन अडकलं असेल तर ज्याचा तंत्रज्ञ आपल्या तालुक्यात येतो तो घ्यावा, बाकी काही बघू नये.

मुंबईत दोन हजार स्वस्त मिळतो म्हणून चाकरमान्याने तिथून आणावा का? एलसीडीचं काचेचं पॅनेल उभं राहण्यासाठी बनवलेलं असतं. खोका आडवा टाकला, वर दोन पिशव्या ठेवल्या आणि महामार्गाचे खड्डे लागले की बाहेरून ओरखडाही न दिसता आत काच तडकते. तडा गेलेलं पॅनेल वॉरंटीत बसत नाही आणि नवं टाकायचं तर बहुतेक वेळा टीव्हीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च येतो. वाचलेले दोन हजार त्यापुढे काहीच नाहीत.

"स्टॅबिलायझर लावला, आता काळजी मिटली"

इथे थोडं सावकाश जाऊ, कारण आपल्याकडचे टीव्ही म्हातारे होऊन कमी आणि विजेने जास्त मरतात.

टीव्हीच्या पाठीवरचा छोटा कागद वाचा. बहुतेकांवर १००–२४० व्होल्ट असं काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणजे संध्याकाळी व्होल्टेज १७० वर उतरलं तरी या टीव्हीला फरक पडत नाही. त्या त्रासासाठी स्टॅबिलायझर लागायचा तो जुन्या डब्यासारख्या टीव्हीला. आजच्या टीव्हीला खरा धोका दोन गोष्टींचा आहे आणि साधा स्टॅबिलायझर त्यांना पुरा पडत नाही.

पहिला धोका न्यूट्रल तुटण्याचा. पावसाळ्यात आंब्या-फणसाची फांदी तारेवर पडते, न्यूट्रलची तार निखळते, आणि मग दुसऱ्या फेजवरच्या घरांमधून फिरून आलेला दाब आपल्या घरात शिरतो. २३० च्या जागी ३००, ३५०, कधी त्याच्याही वर. दिवे एकदम झगझगतात आणि काही क्षणांत टीव्हीचा पॉवर सप्लाय उडतो. याच्यावर उपाय म्हणजे व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की पुरवठा तोडणारं उपकरण. स्टॅबिलायझर घेणारच असाल तर हाय-व्होल्टेज कट-ऑफ असलेला घ्या. त्याहून बरं म्हणजे वायरमनकडून मेन बोर्डातच ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या, त्यात फ्रिज आणि पंखेही वाचतात. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा खंडानंतर लाईट परत येते त्या वेळी टीव्हीची पिन बाहेर असलेली बरी. पुरवठा स्थिर झाला की मग लावावी.

दुसरा धोका आकाशातल्या विजेचा. कोकणात ती मुख्य पावसात कमी कडाडते. मृगाच्या आधीचा वळीव आणि हस्ताचा परतीचा पाऊस हे तिचे दिवस. गणपतीला घेतलेल्या टीव्हीची पहिली परीक्षा महिनाभरातच होते ती अशी. रिमोटने बंद केलेला टीव्ही विजेला जोडलेलाच असतो. भिंतीवरचं बटण बंद केलं तर फक्त फेज तुटतो, न्यूट्रल जोडलेला राहतो. पिन काढली तरी छपरावरच्या छत्रीची वायर बॉक्समधून एचडीएमआयमार्गे टीव्हीपर्यंत पोचलेली असते, आणि माझ्या मते सर्वात जास्त टीव्ही या वाटेने जातात. त्यामुळे ढग गडगडायला लागले की पिन, छत्रीची वायर आणि राउटरची वायर अशा तिन्ही काढायच्या. गडगडाट जवळ येण्याआधीच, डोक्यावर आल्यावर वायरींना हात लावायचा नाही. स्पाइक गार्ड छोटे झटके खातो, पण त्यातला संरक्षक भाग प्रत्येक झटक्याने झिजत जातो, आणि अर्थिंग नसेल तर त्याचा उपयोग फार थोडा. आपलं अर्थिंग जांभ्याच्या कातळात घेतलेलं असतं आणि तो उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो. तीन पिनचं सॉकेट दिसतं म्हणून अर्थिंग आहे असं समजू नये, वायरमनकडून एकदा मोजून घ्यावं. वीज पडून किंवा दाब वाढून जळलेला टीव्ही वॉरंटीत दुरुस्त होत नाही.

याला जोडूनच बंद घरांची गोष्ट. शिमगा झाला की घराला कुलूप आणि टीव्हीला प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधलेली, अशी आपली पद्धत. प्लास्टिकमध्ये आतली दमट हवा कोंडते, रात्री गार होऊन तिचं पाणी होतं, आणि किनाऱ्यालगतच्या गावांत त्याला खाऱ्या हवेची जोड मिळते. सर्किटवरचे जोड हिरवे पडतात. सुती चादर टाका, ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवरून टीव्ही काढून आतल्या कोरड्या खोलीत उभा ठेवा, सगळ्या वायरी सोडवा. परत आल्यावर दारं-खिडक्या उघडून दिवसभर वारा लागू द्या आणि मग सुरू करा. राहत्या घरात तर पावसाळ्यात टीव्ही रोज थोडा वेळ चालू ठेवणं हेच उत्तम, त्याच्या उबेने ओल निघून जाते.

"स्मार्ट टीव्ही आला, आता डिश नको"

इंटरनेटवर फुल एचडी चित्र बघायला सेकंदाला साधारण ५ मेगाबिट वेग लागतो, फोर-केला १५. घरात फायबर असेल तर प्रश्न नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बघणार असाल तर फुल एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागू शकतो. रोजच्या दोन जीबीत एक सिनेमाही पुरा होत नाही, आणि पावसात रेंज गेली की तेवढाही नाही. छत्री राहू द्या.

स्वस्त स्मार्ट टीव्ही दोन वर्षांत अडखळायला लागतात, कारण आत रॅम १ जीबी आणि साठवण ८ जीबी असते. चित्र चांगलं पण रॅम कमी, असा टीव्ही समोर आला तर मी तोच घेईन. पुढे दोन-तीन हजारांची स्ट्रीमिंग स्टिक लावून स्मार्टपणा नवा करता येतो, पॅनेल बदलता येत नाही. फक्त नुसतं 'अँड्रॉइड' लिहिलेलं पाहून भुलू नये. काही टीव्हींत गूगलची अधिकृत मान्यता नसलेली आवृत्ती घातलेली असते आणि मग काही अ‍ॅप चालत नाहीत किंवा कमी दर्जाचं चित्र दाखवतात. आपल्याला लागणारी अ‍ॅप दुकानातच उघडून बघा.

विजेच्या बिलाची भीती मात्र सोडून द्यावी. ३२ इंची टीव्ही साधारण ५० वॅट घेतो, म्हणजे रोज पाच तास बघितला तर महिन्याला साडेसात युनिट. ४३ इंची घेतला तर त्याच्या दुप्पट धरा. मोठ्या पडद्याने मुलांचे डोळे बिघडतात हीसुद्धा जुनी समजूत. जवळून बघितल्याने डोळे थकतात, पण कायमचं नुकसान होत असल्याचा पुरावा नाही. सतत जवळचं बघणं आणि घराबाहेर न खेळणं यांचा चष्म्याशी संबंध जास्त आहे.

आवाजाकडे मात्र कोणी बघत नाही. सडपातळ टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून बसवलेले असतात आणि पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की संवाद ऐकू येत नाहीत. टीव्हीला एआरसी लिहिलेलं एचडीएमआय किंवा आवाज बाहेर नेणारं छिद्र आहे का ते बघा. घरातला जुना म्युझिक सिस्टम जोडला तरी काम भागतं.

"सूट मोठी, हप्त्याला व्याज नाही"

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ३२ इंचांपर्यंतचे आधीपासूनच १८ टक्क्यांत होते. तेव्हा ३२ इंची टीव्ही जीएसटी उतरल्यामुळे स्वस्त झाला असं कोणी सांगत असेल तर ते बरोबर नाही. छापील किंमत चाळीस हजार आणि विक्री पंधराला, यातली सूटही मोजू नये. पंधरा हजारांना तसाच टीव्ही दुसरीकडे काय भावाने आहे एवढंच बघावं.

नो-कॉस्ट हप्त्यात व्याज असतंच. ते आधीच्या सवलतीतून वळतं केलेलं असतं किंवा किमतीत मिसळलेलं असतं, शिवाय क्रेडिट कार्डावर त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क वेगळं. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच शून्य टक्के व्याजाच्या या योजनांवर बोट ठेवलं होतं. रोख दिले तर किती कमी कराल, हा प्रश्न विचारला की व्याजाचा आकडा आपोआप समोर येतो.

टीव्ही घरी आला की खोका उघडतानाचं मोबाइलवर शूटिंग करा आणि पडदा पूर्ण पांढरा, मग पूर्ण काळा करून मेलेले ठिपके आणि कडेने फुटणारा उजेड तपासा. बिलावर मॉडेल आणि सिरीयल क्रमांक आहे ना ते बघा. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का घ्या. आणि तक्रार करायची वेळ आली तर मुंबईत किंवा ऑनलाइन घेतलाय म्हणून हात टेकू नका. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे, आणि त्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे वस्तू कुठूनही घेतलेली असो, दाद रत्नागिरीतच मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तक्रारीला शुल्क नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करावा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.